सोललेले चर्च

जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चविषयी मराठीत जे लेखन होते (वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत, प्रवासवर्णनांत, दिवाळी अंकांच्या भटकंती विभागांत) ते वाचताना आम्हांला एक विशेषण हटकून भेटते : 'प्राचीन'. त्याच्या मागोमाग 'लाल' येतेच, आणि या दोन शब्दांत कार्यकारणसंबंध आहे असे लेखकाने मनोमन धरलेले असते. भिंत लाल आहे, खडबडीत आहे, काळवंडलेली आहे, त्या अर्थी ती जुनी. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल पांढरेशुभ्र आहे, त्या अर्थी ते अलीकडचे. वस्तुस्थिती उलटी आहे. से कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. बॉम जीझसची कोनशिला २४ नोव्हेंबर १५९४ रोजी बसली. या दोहोंहून जुने, १५४० च्या दशकातले, रोझरीचे चर्च जवळच्याच टेकडीवर उभे आहे आणि तेही गिलावा केलेले आहे. म्हणजे ज्याच्यासमोर उभे राहून आपल्याला प्राचीनतेचा साक्षात्कार होतो ते या तिघांतले धाकटे. त्याची ती प्रसिद्ध लाली तर त्याहूनही धाकटी. तिचे वय जेमतेम पाऊणशे वर्षे.

बांधणाऱ्यांनी ही भिंत लाल ठेवलेली नव्हती. जांभा हा गोव्याचा आणि कोकणाचा घरचा दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज तासता येतो, पुढे हवेवर टणक होत जातो. पण सच्छिद्रपणा त्याला सोडत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात अशा दगडाच्या मोठ्या वास्तूवर चुना चढवतात, आणि तो दर काही वर्षांनी नव्याने चढवतात. बॉम जीझसच्या भिंतींवरही तो होता. जुनी छायाचित्रे त्याची साक्ष देतात. तो खरवडून काढला गेला १९५० च्या दशकाच्या आरंभी, आणि काढणारा होता बाल्ताझार द कास्त्रो हा पोर्तुगीज सरकारचा वास्तुविद.

कास्त्रोचा हेतू काय होता हे समजून घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. पोर्तुगालमध्ये १९२९ साली इमारती आणि राष्ट्रीय स्मारके यांचे एक सरकारी खाते स्थापन झाले होते. सालाझारच्या राजवटीत या खात्याने देशभरातली मध्ययुगीन चर्चे 'मूळ रूपात' आणण्याचा सपाटा लावला. नंतरच्या शतकांत चढलेले थर, गिलावे, सजावटी काढून टाकायच्या आणि खालचा उघडा दगड दाखवायचा, अशी ती पद्धत. दगड जितका उघडा तितके राष्ट्र पुरातन, असा त्यामागचा हिशेब. कास्त्रो या परंपरेत मुरलेला माणूस. गोव्यात तो आला तेव्हा भारत स्वतंत्र झालेला होता, गोवा सोडण्याचा तगादा पोर्तुगालमागे लागला होता आणि १९५१ मध्ये लिस्बनने आपल्या वसाहतींचे 'सागरपार प्रांत' असे नामांतर करून घेतले होते. १९५२ हे फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष. जगभरातून यात्रेकरू येणार होते. त्यांना दाखवायचे होते ते असे की आम्ही येथे कालपरवा आलेलो नाही. चुना लावलेली, नीटनेटकी, नांदती वास्तू हे काम करू शकत नाही. त्यासाठी झिजलेली, ओबडधोबड, काळाच्या दातांनी चावलेली भिंत हवी. ती नव्हती, म्हणून ती तयार केली गेली.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. सालाझारचे सैन्य गेले, झेंडा गेला; त्याने बसवलेला चष्मा मात्र आमच्या प्रवासी लेखकांच्या नाकावर अजून घट्ट आहे. एका हुकूमशाही राजवटीने आपला दावा भक्कम करण्यासाठी जी प्राचीनता बनवली, तिच्यापुढे मराठी माणूस उभा राहतो आणि 'इतिहास जिवंत झाला' असे लिहितो. आमचा राग त्या सामान्य प्रवाशावर नाही. त्याला कोणी सांगितलेले नाही. आमचा राग आहे तो ज्यांनी सांगायचे त्यांच्यावर, आणि त्यांत साहित्याचे अध्यापक अग्रभागी आहेत, हे येथे सिद्ध करावयाचे आहे.

त्याआधी या चर्चकडे जरा सावकाश पाहिले पाहिजे, कारण पाहण्यासारखे तिथे पुष्कळ आहे आणि ते लाल रंगाच्या कोलाहलात हरवते. गोव्यातल्या बहुतेक मोठ्या चर्चना दर्शनी बाजूला दोन मनोरे असतात किंवा असायचे (से कॅथेड्रलच्या दोहोंपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, उरलेल्या एकाच मनोऱ्यालाही प्रवासी लेखक 'विलक्षण रचना' म्हणतात, ते असो). बॉम जीझसच्या दर्शनी भिंतीला मनोरा नाही. घंटाघर आहे ते मागे. त्यामुळे ७८ फूट उंच आणि ७५ फूट रुंद, म्हणजे जवळपास चौरस असा हा दर्शनी भाग एखाद्या उभ्या केलेल्या पृष्ठासारखा समोर येतो. तळाशी तीन दरवाजे, त्यांच्यावर तीन मोठ्या आयताकृती खिडक्या, त्यांच्यावर तीन वर्तुळाकार गवाक्षे, आणि सर्वांत वर एक चौकोनी शिरोभाग. त्या शिरोभागावर 'आयएचएस' ही तीन अक्षरे. येशूच्या ग्रीक नावातली ही आद्याक्षरे जेझुइट संघाने आपले बोधचिन्ह म्हणून घेतली होती. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि संमिश्र अशा निरनिराळ्या घाटांचे स्तंभ या एकाच भिंतीत एकत्र आले आहेत. हे स्तंभ आणि त्यांच्या पट्ट्या काळ्या पाषाणाच्या आहेत, आणि तो पाषाण उत्तरेहून, वसईहून, आणला असे सांगितले जाते. वसई तेव्हा पोर्तुगिजांकडे होती.

आता या दर्शनी भागाला वळसा घालून बाजूच्या भिंतीपाशी जावे. तिथे नुसते चिरे आहेत. ज्या गवंड्यांनी ते रचले त्यांनी आपले सांधे कोणी पाहणार नाही हे गृहीत धरले होते. त्यांचे काम लपणारे होते. वर चुन्याचा हात फिरणार होता. प्रवासी नेमक्या त्याच सांध्यांवर हात ठेवून छायाचित्र काढून घेतो. अंगरखा काढून घेतलेल्या माणसाला 'आता याचे खरे रूप दिसले' असे म्हणण्यातला हा प्रकार आहे.

आत गेल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात यावी. वास्तू बालयेशूच्या नावाने आहे. १८३ फूट लांबीच्या त्या एकसलग दालनाच्या शेवटी सोन्याने मढवलेली मोठी वेदी आहे, पण तिथे बालयेशूची मूर्ती खाली, लहानशी. तिच्या वर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची भव्य मूर्ती, आणि त्याची नजर वर, सूर्यासारखे किरण फाकणाऱ्या त्याच तीन अक्षरांकडे. ज्याचे घर त्याला कोपरा आणि ज्याने संघ काढला त्याला मध्यभाग! सतराव्या शतकातला धर्मप्रसार कोणत्या आत्मविश्वासाने चालला होता हे समजण्यासाठी ग्रंथ चाळण्याची गरज नाही. ही वेदी नीट वाचता आली की पुरे.

पण वेदीपुढे फार वेळ कोणी थांबत नाही. गर्दी उजवीकडे वळते, झेवियरच्या समाधीकडे. तिच्याविषयी आम्ही फारसे लिहिणार नाही, कारण तिच्याविषयीच सर्व जण लिहितात. एवढे मात्र सांगितले पाहिजे की झेवियरने हे चर्च कधीच पाहिले नाही. तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला, १५५४ मध्ये त्याचे शव गोव्यात आले आणि बॉम जीझसमध्ये ते आणले गेले १६२४ मध्ये. चांदीची पेटी १६३० च्या दशकात गोव्याच्या कारागिरांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सच्या फोज्जिनीने केला, तो टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याची भेट म्हणून आला आणि १६९८ मध्ये बसवला गेला. गोव्याच्या सोनाराची चांदी आणि फ्लोरेन्सचा संगमरवर एकावर एक उभे आहेत, आणि मधली साठ वर्षे दिसतही नाहीत. प्रवासी मात्र विचारतो : शव खरेच तसेच आहे का? पेटी उंचावर असल्याने एरवी नीट काही दिसत नाही, म्हणून तो किंचित फसवला गेल्याच्या भावनेने बाहेर पडतो.

बाहेर बस उभी असते. 'दक्षिण गोवा दर्शन' या नावाने चालणाऱ्या सहलींचा क्रम ठरलेला आहे : जुने गोवे, मग मंगेशी, मग शांतादुर्गा, मग समुद्र. आमच्या मते हा क्रम म्हणजे गोव्याच्या सोळाव्या शतकाचे उत्तम प्रकरण आहे. फक्त ते कोणी वाचत नाही. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, आजचे कुठ्ठाळी. १५६० मध्ये देव तिथून हलवला गेला, नदी ओलांडून प्रियोळला आला, कारण प्रियोळ तेव्हा पोर्तुगीज अंमलाबाहेर होते. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, त्याच कारणाने. आणि १५६० हेच ते वर्ष ज्या वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, स्थापन झाले. मधली चार वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. ते आणावे अशी मागणी पोर्तुगालच्या राजाकडे पत्राने करणाऱ्यांत खुद्द झेवियर होता. बस एका तासात या सर्वांतून जाते. चर्चमध्ये प्रवासी 'काय कारागिरी' म्हणतो, मंदिरात हात जोडतो, आणि या दोन ठिकाणांमध्ये जो रस्ता आहे तो देवांच्या पलायनाचा रस्ता आहे हे त्याच्या गावीही नसते.

आणि मंदिरात तरी तो काय पाहतो? मंगेशीचा अष्टकोनी घुमट, कठड्यांची मांडणी, भिंतीतल्या अर्धस्तंभांची रेखणी, कमानदार खिडक्या, चुन्याची सफेदी. यांतले पुष्कळसे त्याने अर्ध्या तासापूर्वी चर्चमध्ये पाहिलेले असते. गोव्याच्या मंदिरवास्तूने चर्चच्या वास्तूकडून काय घेतले, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. ज्यांच्या भयाने देव पळाला त्यांच्याच कमानी पुढे देवाच्या घराला लागल्या, ही गोष्ट अवघड आहे, आणि साहित्याच्या माणसाला तिच्यात रस वाटला पाहिजे. पण प्रवासी डोळा तोही थर सोलून काढतो. चर्च शुद्ध पोर्तुगीज, मंदिर शुद्ध हिंदू. गिलावा इथेही उतरला, फक्त मनातल्या मनात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बॉम जीझसला लागून एक दुमजली वास्तू आहे. ते जेझुइटांचे निवासस्थान, 'काझा प्रोफेस्सा'. चर्चच्याही आधी, १५८० च्या दशकात, ते उभे राहिले. बहुसंख्य प्रवासी त्याच्या ओसरीतून नुसते पुढे जातात. १६२९ मध्ये या घरात एक ग्रंथ छापला गेला. लेखक एत्येन द ला क्र्वा, जन्माने फ्रेंच, संघाने जेझुइट. विषय संत पीटरचे चरित्र आणि त्या निमित्ताने येथल्या धर्ममतांचे खंडन. छंद ओवी. आणि भाषा? शीर्षकपृष्ठावर पोर्तुगीजमध्ये भाषेचे नाव दिले आहे, त्याचा अर्थ होतो 'ब्राह्मण मराठी'. रोमन लिपीत छापलेला हा मराठी पद्यग्रंथ. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासावरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात अशा गोव्याच्या छपाईची सविस्तर नोंद केली आहे.

म्हणजे मराठी साहित्याचा विद्यार्थी जेव्हा बॉम जीझसच्या दारात उभा राहतो तेव्हा तो परक्याच्या दारात उभा नसतो. मराठी ओवी जिथे छापखान्यातून बाहेर पडली अशा फार थोड्या जुन्या घरांपैकी एकाच्या अंगणात तो असतो. तुकाराम तेव्हा तरुण होता. शिवाजीचा जन्म व्हायचा होता. आपल्या वाङ्मयेतिहासाच्या अध्यापनात ही तारीख कुठे येते? आमच्या अनुभवात ती येत नाही. एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाची सहल याच चर्चच्या आवारात पाहण्याचा योग आम्हांला आला होता. विद्यार्थ्यांना अर्धा तास दिलेला होता, शवाविषयी दोन मिनिटे बोलून झाले, आणि 'आता आपले मंगेशी' असे म्हणत मंडळी बसकडे गेली. 'आपले' या शब्दाविषयीच आमची तक्रार आहे.

कोणी म्हणेल, आमच्या अभ्यासक्रमात 'क्रिस्तपुराण' आहे की! आहे, आणि त्याचे आम्ही काय केले आहे तेच येथे मांडायचे आहे. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीत जन्मभर राहिला, १६१६ मध्ये राशोल येथे त्याचा जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ छापला गेला. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज हाती नाही, हस्तलिखितांवरून आपण तो वाचतो. या अकरा हजारांतून मराठीच्या सामान्य विद्यार्थ्याला काय ठाऊक असते? मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या मोजक्या ओव्या. त्या भाषणांत येतात, मराठी दिनाच्या फलकांवर येतात, निबंधांत येतात. एका परदेशी पाद्र्याने आमच्या भाषेचे कौतुक केले, एवढाच त्या ग्रंथाचा उपयोग. बाकीचा ग्रंथ धर्मप्रचार म्हणून बाजूला ठेवला जातो.

ही नेमकी कास्त्रोची पद्धत आहे. वरचा थर काढा, खालचा 'आपला' दगड दाखवा. ग्रंथावरचा ख्रिस्ती गिलावा खरवडला की खाली शुद्ध मराठी ओवी मिळते, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या कुळातली, अभिमानाने दाखवण्याजोगी. जो ग्रंथ मूळचा मिश्रच होता, त्याचे मिश्रण म्हणजेच त्याचा आशय, हे विसरले जाते.

त्या ग्रंथाच्या चौकटीकडे पाहावे. पुराणकथनाला निमित्त काय? साष्टीतल्या एका चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर मग त्यांच्या जागी दुसरी का करून देत नाही. प्रश्न विनयाने विचारलेला आहे. पण ज्या समाजाचे ग्रंथ हिरावले गेले आहेत, ज्याच्या मंदिरांच्या जागी क्रूस उभे राहिले आहेत, त्याच्या तोंडचा तो प्रश्न आहे, आणि तो त्या समाजाचे ग्रंथ वर्ज्य करणाऱ्यांच्याच संघातल्या कवीने आपल्या काव्यात येऊ दिला आहे. संपूर्ण 'क्रिस्तपुराण' हे या प्रश्नाचे उत्तर आहे. मराठी वाङ्मयात वाचकाने काव्याची मागणी इतक्या उघडपणे, आणि इतक्या रिकाम्या हातांनी, केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही. आणि आम्ही शिकवतो काय, तर भाषास्तुती. प्रश्न गाळायचा आणि अलंकार तेवढे ठेवायचे!

हेही लक्षात घ्यावे की स्टीफन्सला आपला ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला याची त्याला खंत असावी. १६०८ मध्ये त्याने रोमला पत्र लिहून देशी लिपीत छपाई करण्याची अनुज्ञा मागितली होती. ते घडले नाही. म्हणजे रोमन लिपी हाही एक नको असलेला थर आहे, असे कोणी म्हणू शकेल. देवनागरीत तो ग्रंथ आणला हे योग्यच झाले, आणि त्यासाठी संपादकांचे ऋण आहे. थर कोणताच काढू नये असे आमचे म्हणणे नाही. काढणाऱ्याने काय काढले आणि कशासाठी काढले ते सांगितले पाहिजे, आणि पाहणाऱ्याने ते विचारले पाहिजे.

या भूमिकेवर दोन आक्षेप येतात, आणि ते दोन विरुद्ध दिशांनी येतात.

पहिला असा की बॉम जीझस असो वा 'क्रिस्तपुराण', ही जेत्यांची कृत्ये आहेत. ज्यांनी आमची देवळे पाडली त्यांच्या भिंतीच्या गिलाव्याची चिंता आम्ही का करावी? या आक्षेपातला संताप आम्ही समजू शकतो. पण संतापाला माहिती लागते, आणि ती आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा प्रियोळकरांपाशी अधिक होती. मंगेशीच्याच प्रियोळ गावाचे नाव लावणाऱ्या या माणसाने १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहिला, आणि त्याआधी तीनच वर्षे त्याच जेझुइटांच्या छापखान्यांचा इतिहास लिहिला. एका ग्रंथासाठी दुसरा सौम्य करण्याची गरज त्यांना वाटली नाही. (कोकणी-मराठी वादातली त्यांची भूमिका हा वेगळा विषय, तिच्याशी सहमत नसलेल्यांनाही या दोन ग्रंथांवाचून पुढे जाता येत नाही.) आजचा प्रवासी लेखक मात्र दोहोंपैकी एकच निवडतो. एक तर सुंदर वास्तू, नाही तर क्रूर राजवट. दोन्ही एकाच भिंतीत असू शकतात हे त्याच्या गद्याला झेपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गोड आहे, म्हणून अधिक घातक. तो म्हणतो, लाल रंग हीच आता या चर्चची ओळख झाली आहे. पोस्टकार्डांवर, पाठ्यपुस्तकांत, युनेस्कोच्या जागतिक वारशात (जुन्या गोव्याची चर्चे १९८६ मध्ये त्या यादीत आली) ते लालच आहे. पिढ्यांनी ते तसेच पाहिले. मग ते पुन्हा पांढरे करणे ही दुसरी मोडतोड नव्हे काय? वास्तुविदांतही यावर मतभेद आहेत, आणि त्यांतले काही युक्तिवाद विचारात घेण्याजोगे आहेत. जुन्या गिलाव्याचे नेमके मिश्रण कोणते, किती थर, कोणती छटा, हे ठरवणे सोपे नाही. पण 'ओळख' हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. २०२० मध्ये चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंनीच जाहीरपणे सांगितले की उघड्या जांभ्यात पावसाचे पाणी मुरते आहे, दगड झिजतो आहे, गिलावा परत चढवला पाहिजे. जे त्या वास्तूत रोज उपासना करतात त्यांना ती टिकायला हवी आहे. जे वर्षातून एकदा येतात त्यांना ती पडायला आलेली दिसायला हवी आहे. या दोघांत ओळख ठरवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आम्हांला अवघड वाटत नाही.

आणि 'पिढ्यांनी' म्हणजे किती पिढ्यांनी? १६०५ मध्ये चर्चचे पवित्रीकरण झाले. तेव्हापासून कास्त्रोच्या छिन्नीपर्यंत साडेतीनशे वर्षे होतात. एवढा काळ गोव्याच्या माणसाने, ख्रिस्ती आणि हिंदू दोघांनीही, हे चर्च चुना लावलेलेच पाहिले. ३ डिसेंबरच्या फेस्ताला आजही दोन्ही समाजांची माणसे येतात, 'गोंयच्या सायबा'ला मेणबत्ती लावतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या आठवणीतले चर्च पांढरे होते. त्या आठवणीला पोस्टकार्डापेक्षा कमी किंमत का?

याला एक साधे कारण आहे आणि ते आमच्या साहित्यरुचीतच सापडते. भग्नतेचा शौक आम्हांला आहे. पडका वाडा, ओसाड गढी, शेवाळलेली विहीर यांवर मराठीत जितके लिहिले जाते त्याच्या दशांशानेही नांदत्या, रंगवलेल्या, डागडुजी केलेल्या घरावर लिहिले जात नाही. डागडुजी आम्हांला गद्य वाटते. बॉम जीझसपासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट ऑगस्टिनच्या मठाचे अवशेष आहेत. तिथला एक उंच मनोरा तेवढा अर्धवट उभा आहे, बाकी सर्व कोसळलेले. तिथे जाऊन भग्नतेचा हवा तेवढा आस्वाद घ्यावा. ती खरीखुरी भग्नता आहे. पण नांदत्या वास्तूवर भग्नतेचा मेकअप चढवून तिला कायम तशीच ठेवा, असा आग्रह धरणाऱ्यांना त्या वास्तूविषयी आस्था आहे, हे आम्ही मानणार नाही.

मराठीच्या अध्यापकांकडे आमचे मागणे फार नाही. विद्यार्थ्यांना जुन्या गोव्याला न्यावे, न्यायलाच हवे. जाण्यापूर्वी 'क्रिस्तपुराणा'तला तो चौकटीचा भाग, पाद्रीगुरू आणि श्रोते यांचा संवाद, वर्गात वाचावा. भाषास्तुतीच्या ओव्या त्यानंतर वाचाव्यात. त्या मग वेगळ्या लागतात, कारण त्या कोणत्या ऐकणाऱ्यांसाठी रचल्या गेल्या ते आता कळलेले असते. चर्चमध्ये शिरण्याआधी बाजूच्या भिंतीपाशी थांबून सांगावे की हा दगड १९५० नंतर उघडा झाला, आणि कोणी केला. काझा प्रोफेस्साच्या ओसरीत उभे राहून १६२९ हे साल उच्चारावे. मग मंगेशीला जावे, आणि १५६० हे साल तिथे उच्चारावे. याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल. समुद्र त्या दिवशी राहील.

गिलाव्याविषयी निर्णय पुरातत्त्व खात्याने आणि चर्चने मिळून करायचा आहे, आम्ही नव्हे. झेवियरच्या शवाचे सार्वजनिक दर्शन दर दहा वर्षांनी होते. गेले दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. प्रथेप्रमाणे पुढचे २०३४ मध्ये येईल. तोपर्यंतचे सगळे पावसाळे त्या जांभ्याला, आज आहे तसा, उघड्यावर काढायला लावायचे की काय, एवढे तरी त्यांनी लवकर ठरवावे. त्यांनी चुना चढवायचे ठरवलेच तर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत हळहळीचे लेख येतील, 'लाल चर्च हरवले' अशा मथळ्यांचे. ते लिहिणाऱ्यांत मराठीचे प्राध्यापक नसावेत.